हिवाळ्यातील स्पेन : नारिंगांच्या सावलीतील तीन शहरे

दिवाळीचा हंगाम उरकलेला असतो, लग्नसराईच्या खरेदीचा पहिला भर ओसरलेला असतो आणि मार्चअखेरच्या हिशेबांना अजून दोन महिने असतात. व्यापारी कुटुंबाला वर्षाकाठी मिळणारा हा निवांत पंधरवडा जानेवारीच्या मध्यानंतर येतो. युरोपची सहल मात्र आपल्याकडे मे महिन्यातच करावयाची असते, असा एक समज रुजलेला आहे. मुलांच्या शाळा हे त्याचे कारण असले, तरी ज्या घरांत मुले मोठी झाली आहेत आणि पेढीची जबाबदारी पुढच्या पिढीने उचलली आहे, त्या घरांतील वडीलधारी मंडळीही मे महिन्यातच विमानात बसतात आणि दहा दिवसांत सहा देश पाहून थकून परत येतात. जानेवारीत युरोप म्हणजे बर्फ, धुके आणि लवकर पडणारा अंधार, ही भीती बऱ्याच अंशी खरी आहे. पॅरिस, व्हिएन्ना वा झुरिक यांच्या बाबतीत तर ती पूर्णपणे खरी आहे. पण युरोपच्या नैर्ऋत्य टोकाला याच महिन्यात रस्त्याकडेची झाडे पिकलेल्या नारिंगांनी लगडलेली असतात.

तो प्रदेश म्हणजे दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया. स्पेनमध्ये हिवाळा कोठे घालवावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम त्या देशाची उंची लक्षात घ्यावी लागते. नकाशावर सपाट दिसणारा स्पेनचा मध्यभाग हे एक विस्तीर्ण पठार आहे. राजधानी माद्रिद समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, आणि तटबंदीसाठी प्रसिद्ध असलेले आव्हिला तर ११०० मीटरहून अधिक. तेथील जानेवारी कोरडा, स्वच्छ उन्हाचा, पण हाडे गोठविणारा असतो. ग्वादालकिविर नदीच्या खोऱ्यातील सेव्हिल आणि कॉर्दोबा येथे याच महिन्यात दुपारचे तापमान १५-१६ अंशांपर्यंत चढते आणि रात्री ४-६ अंशांवर उतरते. महाबळेश्वरचा डिसेंबर ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ही थंडी परकी वाटणार नाही. उलट जुलै-ऑगस्टमध्ये ही दोन्ही शहरे ४० अंशांच्या पुढे तापतात आणि दुपारी तेथील रहिवासीसुद्धा घराबाहेर पडत नाहीत. म्हणजे जो काळ आपण युरोपसाठी निषिद्ध मानतो, तोच या शहरांचा खरा काळ आहे.

पर्याय आणखीही आहेत आणि प्रवासी कंपन्या ते आवर्जून पुढे करतात. कॅनरी बेटांवर हिवाळ्यातही समुद्रस्नान करता येते, पण ती बेटे आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत आहेत आणि केवळ ऊन हवे असेल तर एवढ्या दूर जाण्याची आपल्याला गरज नाही. ऊन घरचेच आहे. इबिझामधील बहुतेक व्यवसाय हिवाळ्यात बंद असतो. बार्सेलोनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. गाउदी या वास्तुशिल्पीची तेथील कामे पाहण्यासारखीच आहेत. मात्र ते शहर कोणत्याही ऋतूत पाहता येते आणि त्याची कथा वेगळी आहे. ती या सहलीत कोंबली तर दोन्ही कथा अपुऱ्या राहतात. २०११ मधील ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या चित्रपटामुळे स्पेन म्हणजे टोमॅटोंची रंगपंचमी आणि बैलांपुढे धावणारी माणसे, असे एक चित्र भारतीय मनात ठसले आहे. टोमॅटोंचा तो खेळ ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असतो आणि बैलांची धाव जुलैमध्ये. झुंजींचा हंगामही वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच चालतो. जानेवारीत जाणाऱ्याच्या वाटेत यांपैकी काहीच येत नाही, ही गोष्ट आपल्या वाचकांना उणीव वाटण्याचे कारण नाही.

निवड सेव्हिल, कॉर्दोबा आणि ग्रानादा या तीन शहरांची करावी, आणि आरंभ सेव्हिलपासून करावा. माद्रिदहून वेगवान रेल्वेने तेथे पोचण्यास अडीच तासांच्या आसपास लागतात. स्पेनमधील हा पहिला वेगवान लोहमार्ग १९९२ मध्ये सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनासाठी सुरू झाला. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की प्रथम ती झाडे दिसतात. चौकात, गल्लीत, चर्चच्या अंगणात, बँकेच्या दारात, सर्वत्र नारिंगे. ती तोडून खाण्याचा मोह आवरावा. फळ अतिशय कडू असते. महापालिका हिवाळ्यात ती उतरवून घेते आणि त्यांतील बराच भाग इंग्रजांच्या मार्मालेडसाठी जातो. या फळाला स्पॅनिश भाषेत ‘नारान्हा’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘नारंज’वरून आला, तो फारसी ‘नारंग’वरून आणि त्याच्याही मुळाशी संस्कृत ‘नारङ्ग’ आहे. साखरेला तेथे ‘आसुकार’ म्हणतात, त्यात ‘शर्करा’ लपलेली आहे. बुद्धिबळाला ‘आहेद्रेस’ म्हणतात, त्यात ‘चतुरंग’. फळ, साखर आणि खेळ या तिन्ही वस्तू हिंदुस्थानातून निघून इराण आणि अरबस्तानाच्या वाटेने येथवर आल्या. त्यांची नावे म्हणजे जणू मालावर मारलेले जकातनाक्यांचे शिक्के.

याच वाटेने आणखी एक वस्तू आली, जिच्यावाचून कोणत्याही दुकानाची खातेवही चालत नाही. उत्तर स्पेनमधील आल्बेल्दा येथील एका मठात ९७६ मध्ये पूर्ण झालेल्या हस्तलिखितात आपले भारतीय अंक उतरवलेले आहेत. युरोपातील उपलब्ध हस्तलिखितांत या अंकांची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. लिहिणाऱ्या भिक्षूने हे अंक हिंदूंचे आहेत असे स्पष्ट नमूद करून त्यांच्या सूक्ष्म बुद्धीची प्रशंसाही केली आहे. मौज अशी की त्यात एक ते नऊ एवढेच अंक आहेत. शून्य तोवर पोचले नव्हते. हे हस्तलिखित आज माद्रिदजवळच्या एस्कोरिआल राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे.

सेव्हिलमधील कॅथेड्रल हे जगातील सर्वांत मोठ्या गॉथिक चर्चपैकी एक. तेथे कोलंबसाची समाधी आहे. शेजारचा खिराल्दा मनोरा मुळात १२व्या शतकाच्या अखेरीस बांधलेला मशिदीचा मिनार होता; वरचा घंटाघराचा भाग १६व्या शतकात चढवला गेला. या मनोऱ्यात वर जाण्यासाठी पायऱ्या नाहीत, चढणीचे रुंद उतार आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून ही योजना होती असे सांगतात. गुडघेदुखीच्या वयातील प्रवाशांनी त्या अज्ञात योजकाचे आभार मानावेत. पण प्रवाशांची गर्दी या दोन वास्तू पाहून समोरच्या आल्काझार राजवाड्याकडे वळते आणि दोहोंच्या मध्ये असलेल्या एका चौकोनी, गंभीर, तांबूस-करड्या इमारतीकडे सहसा पाहत नाही. व्यापारी कुटुंबाने मात्र तेथे निदान एक तास राखून ठेवावा. प्रवेश विनामूल्य आहे.

ही इमारत व्यापाऱ्यांची होती. कोलंबसाच्या सफरींनंतर राणी इसाबेलाने १५०३ मध्ये सेव्हिलमध्ये ‘कासा दे कोन्त्रातासिऑन’ म्हणजे व्यापारगृह स्थापन केले. अमेरिकेकडे जाणारे व तेथून येणारे प्रत्येक जहाज, त्यातील प्रत्येक गठडी आणि प्रत्येक प्रवासी यांची नोंद या कार्यालयात व्हावी असा नियम होता. समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटर आत, नदीकाठी असलेल्या या एका शहराला एका संपूर्ण खंडाच्या व्यापाराचा मक्ता मिळाला. व्यापारगृहाचे दालन आल्काझारमध्ये आजही पाहता येते. तेथील भिंतीवरील चित्रात मेरी माता आपल्या पसरलेल्या झग्याखाली नाविकांना आणि व्यापाऱ्यांना आश्रय देते आहे, आणि तिच्या पायाशी जहाजे उभी आहेत. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला आणि सेव्हिलच्या धक्क्यावर चांदी उतरू लागली.

एवढी उलाढाल करण्यासाठी व्यापाऱ्यांना बाजारगृहच नव्हते. ते कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून सौदे करीत आणि पाऊस आला की थेट चर्चमध्ये शिरत, मालाच्या खेचरांसकट. धर्मगुरूंनी चर्चभोवती साखळ्या लावल्या. त्या आजही तेथे आहेत. शेवटी तक्रार राजा दुसऱ्या फिलिपपर्यंत गेली आणि १५७२ मध्ये स्वतंत्र बाजारगृह बांधण्याचा निर्णय झाला. राजाचा वास्तुविशारद हुआन दे एरेरा याने आराखडा केला. १५९८ च्या सुमारास तेथे व्यवहार सुरू झाले, पण बांधकाम पूर्ण होण्यास १६४६ साल उजाडले. तोपर्यंत नदी गाळाने भरत चालली होती, मोठी जहाजे मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर अडत होती आणि तीनच वर्षांनी आलेल्या प्लेगने शहराची जवळजवळ निम्मी वस्ती नेली. १७१७ मध्ये व्यापारगृहच काडिझ बंदरात हलवण्यात आले. इमारत देखणी आणि रिकामी उरली. १७८५ मध्ये तिसऱ्या कार्लोसने तिच्यात अमेरिकेशी संबंधित सर्व सरकारी कागदपत्रे एकत्र आणली. ‘आर्काइव्ह ऑफ इंडीज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दप्तरखान्यात सुमारे ४३ हजार रुमाल आणि ८ कोटींच्या आसपास पृष्ठे आहेत. सौद्यांच्या जागी सौद्यांच्या नोंदी राहायला आल्या.

एवढी चांदी येऊन स्पेन श्रीमंत झाला काय, हा प्रश्न या इमारतीच्या संगमरवरी जिन्यावर उभे असताना कोणाही हिशेबी माणसाच्या मनात येईल. चांदी उतरे सेव्हिलला, पण तिच्यावर हक्क आधीच जिनोव्हा आणि जर्मनीतील सावकारांचा असे, कारण राजाने युद्धांसाठी पुढील वर्षांच्या चांदीवर कर्ज उचललेले असे. दुसऱ्या फिलिपच्या खजिन्याने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये देणी थांबवली. जगातील सर्वांत मोठी रोकड ज्याच्या हाती येत होती, तोच सर्वांत मोठा थकबाकीदार होता. चांदी वाढली तशी महागाई वाढली. पैसा मुबलक असतो तेथे त्याचे मोल उतरते, ही गोष्ट आस्पिल्क्वेता या स्पॅनिश धर्मपंडिताने १५५६ मध्येच लिहून ठेवली होती. तोमास दे मेर्कादो या भिक्षूने तर व्यापाऱ्यांचे करार, हुंडणावळ आणि व्याज यांतील योग्य-अयोग्याची चर्चा करणारा ग्रंथ १५७१ मध्ये याच शहरात प्रसिद्ध केला. लेखक सेर्व्हान्तेस कर-वसुलीचे काम करीत असे. त्याने जमा केलेली सरकारी रक्कम सेव्हिलच्या एका सराफाकडे ठेवली, सराफाचे दिवाळे निघाले आणि १५९७ मध्ये सेर्व्हान्तेस येथील तुरुंगात गेला. ‘डॉन किहोते’ची कल्पना तुरुंगातच अंकुरली असे मानतात. बुडालेल्या ठेवीतून एवढे मोठे उत्पन्न अन्यत्र कोठे झाल्याचे ऐकिवात नाही.

या चांदीचा एक प्रवाह आपल्या दारापर्यंतही आला होता. इंग्रज आणि डच कंपन्यांना हिंदी कापड आणि मसाले घेण्यासाठी द्यायला युरोपीय माल फारसा नव्हता. त्या स्पॅनिश चांदीची नाणी भरून आणत. आठ रेआलचे ते वजनदार नाणे सुरतेला उतरे, टांकसाळीत वितळे आणि मोगल बादशहाचा रुपया होऊन बाजारात फिरे. ज्या सुरतेत वीरजी व्होरा या जैन श्रेष्ठीकडून इंग्रज व्यापारी १७व्या शतकात कर्ज घेत, त्या सुरतेची आणि सेव्हिलच्या या इमारतीची अशी चांदीच्या तारेने गाठ पडलेली आहे.

सेव्हिलला चार रात्री द्याव्यात. तेथून पाऊण तासाच्या रेल्वे-प्रवासाने कॉर्दोबा येते. एक मुक्काम पुरेसा आहे, पण सकाळी लवकर बाहेर पडावे. १०व्या शतकात हे शहर पश्चिम युरोपातील सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक आणि उमय्यद खलिफांची राजधानी होते. पहिल्या अब्द अर-रहमानने ७८५ च्या सुमारास सुरू केलेली आणि पुढील दोन शतकांत वाढत गेलेली येथील मशीद हे या सहलीचे हृदय आहे. आत शिरताच खांबांचे अरण्य सुरू होते. सुमारे ८५६ खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, आणि हिवाळ्यातील तिरपा, कोवळा प्रकाश. जुने खांब रोमन व व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले असल्याने त्यांची उंची आणि दगड वेगवेगळे आहेत. कोणाला खाली चौथरा देऊन तर कोणाला जमिनीत गाडून एका पातळीवर आणलेले दिसते. १२३६ मध्ये फर्दिनांद तिसऱ्याने शहर जिंकले आणि मशिदीचे चर्च झाले. मात्र इमारत जवळजवळ तशीच राहू दिली. १५२३ मध्ये तिच्या पोटात एक भव्य कॅथेड्रल उभारण्याचे काम निघाले तेव्हा शहराच्या नगरसभेने कडाडून विरोध केला, पण सम्राट पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. पुढे ते काम प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, जगात एकमेव असलेली वस्तू मोडून कोठेही बांधता येईल अशी वस्तू बांधली असे तो म्हणाला, ही आख्यायिका कॉर्दोबात प्रत्येक वाटाड्या सांगतो. खरे-खोटे काहीही असो, खांबांच्या रानातून त्या उंच, सोनेरी गाभाऱ्यात पाऊल टाकताना होणारा धक्का मात्र खरा आहे.

या मशिदीशी निगडित घंटांची कथा परतफेडीच्या हिशेबाचा नमुना आहे. ९९७ मध्ये अल-मन्सूर या सेनापतीने वायव्येकडील सान्तियागो लुटले आणि तेथील चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कॉर्दोबाला आणल्या. मशिदीत त्यांचे दिवे केले गेले. २३९ वर्षांनी फर्दिनांदने त्या मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या. खांदे दोन्ही वेळा तिऱ्हाइतांचेच.

मशिदीपासून पाच मिनिटांवर, पांढऱ्या भिंतींच्या गल्लीत, १३१५ मध्ये बांधलेले एक लहानसे ज्यू प्रार्थनामंदिर आहे. मध्ययुगातील अशी तीनच मंदिरे स्पेनमध्ये चांगल्या स्थितीत उरली आहेत. उरलेली दोन तोलेदो येथे. त्याच्या भिंतींवर चुन्याच्या नक्षीत हिब्रू अक्षरे कोरलेली आहेत, आणि नक्षीची धाटणी मात्र शेजारच्या मुसलमान कारागिरांची आहे. तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिदेस १२व्या शतकात याच शहरात जन्मला, आणि ॲरिस्टॉटलचा भाष्यकार इब्न रुश्दही. मंदिर मोठे नाही; पाहण्यास दहा मिनिटे लागतात. पण येथे थोडे थांबले पाहिजे. ३१ मार्च १४९२ रोजी निघालेल्या राजाज्ञेने स्पेनमधील ज्यूंना चार महिन्यांत धर्म बदलण्यास वा देश सोडण्यास सांगितले. जाताना सोने, चांदी आणि नाणी नेण्यास बंदी होती. माल किंवा हुंड्या नेता येत. पिढ्यान्‌पिढ्या सराफी, वैद्यकी, कापडाचा धंदा आणि करवसुली सांभाळणाऱ्या कुटुंबांनी घरे विकायला काढली आणि गिऱ्हाइकांना ठाऊक होते की विकणाऱ्याला थांबता येणार नाही. घर देऊन गाढव घेतले, द्राक्षमळा देऊन कापडाचा तुकडा घेतला, असे त्या काळच्या बखरकाराने नोंदले आहे. कित्येक कुटुंबे ऑटोमन साम्राज्यात गेली आणि सालोनिका व इस्तंबूल येथे त्यांनी पुन्हा पेढ्या उभारल्या. ती राजाज्ञा औपचारिकपणे रद्द झाली १९६८ मध्ये. २०१५ मध्ये स्पेनने त्यांच्या वंशजांना नागरिकत्व देऊ करणारा कायदा केला. कॉर्दोबाच्या मंदिरात हकालपट्टीनंतर आधी पिसाळ रोगाच्या रुग्णांचे रुग्णालय होते आणि पुढे ती जागा चर्मकारांच्या संघाकडे होती. गिलाव्याखालची हिब्रू अक्षरे पुन्हा उजेडात आली ती १८८४ मध्ये.

येथे भोजनाचा विषय काढणे भाग आहे, कारण स्पेनमध्ये शाकाहारी माणसाची परीक्षा असते. आंदालुसियातील कोणत्याही साध्या उपाहारगृहाच्या छतापासून डुकराच्या मांड्या टांगलेल्या असतात; ते दृश्य टाळता येत नाही. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण भाजीत टाकलेले हॅमचे तुकडे तेथील आचारी मांसात धरत नाही. मिश्र सॅलडवर तर न विचारता ट्यूना मासा येतो. मेक्सिकोतील ‘तोर्तिया’ ही मक्याची पोळी, पण स्पेनमधील तोर्तिया म्हणजे अंडी-बटाट्याचे आम्लेट. सर्वांत फसवी वस्तू हिवाळ्यातच समोर येते. नाताळच्या सुमारास दुकानांत सुरेख कागदांत गुंडाळलेले ‘मान्तेकादो’ आणि ‘पोल्व्होरोन’ नावाचे नानकटाईसारखे खुसखुशीत पदार्थ असतात. ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी. लोण्याला ‘मान्तेकिया’ म्हणतात. एका प्रत्ययाचा फरक आहे, पण तो पाठ करून जावा. बदामाच्या ‘तुर्रोन’मध्ये मध आणि अंड्याचा पांढरा भाग असतो. भाजलेले चेस्टनट, बदाम, ऑलिव्ह आणि फळे निर्धास्तपणे घ्यावीत. कांदा-लसूण आणि कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे, हे उत्तम. हरभरे, पालक, तांदूळ, ऑलिव्ह तेल सर्व बाजारांत मिळते. किराणा रविवारी बहुतेक बंद असतो, म्हणून शनिवारीच भरून ठेवावा.

वेळांची मात्र एक अनपेक्षित सोय आहे. स्पेन आपल्या भौगोलिक स्थानाच्या मानाने घड्याळ पुढे ठेवतो. त्यामुळे जानेवारीच्या मध्यास सूर्य सकाळी साडेआठला उगवतो आणि सायंकाळी सहा-सव्वासहाला मावळतो. तेथील मुख्य जेवण दुपारी दोन ते चार या वेळेत होते, रात्रीचे नऊनंतर. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबाने दुपारचे जेवण अडीचला पोटभर करावे आणि साडेपाचला घरी थोडे खावे. यात कोणाचाही खोळंबा होत नाही. सकाळी साडेआठ-नऊपर्यंत शहर झोपलेलेच असते.

तारखांविषयी एवढेच : ५ जानेवारीच्या सायंकाळी तीन राजांची मिरवणूक निघते, लहान मुलांवर मिठाई उधळली जाते आणि ६ला सुटी असते. तो सोहळा पाहावयाचा नसेल तर ८ जानेवारीनंतर जावे. नाताळची गर्दी गेलेली असते आणि खोल्यांचे दर उतरलेले असतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो; ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. पाऊस एखाद-दुसऱ्या दिवशी येतो. छत्री सोबत असावी.

कॉर्दोबाहून ग्रानादाला रेल्वेनेही जाता येते, पण दिवसाउजेडी बसने जावे. टेकड्यांवर क्षितिजापर्यंत आखल्यासारखी ऑलिव्हची झाडे दिसतात. हाच तोडणीचा हंगाम. झाडांखाली जाळ्या अंथरून फांद्या हलवल्या जातात आणि काळी-हिरवी फळे गोळा करून घाण्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यावर भेटतात. जगात सर्वाधिक ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये होते आणि त्यातील मोठा वाटा याच टापूचा. तेलाच्या व्यापारातील कुटुंबांना हा रस्ता लांबला तरी चालेल.

ग्रानादा सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि येथे थंडी खरी थंडी आहे. रात्री पारा शून्याजवळ जातो. खोली घेताना तापवण्याची सोय नीट विचारावी, कारण जुनी घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. या प्रदेशात गोल टेबलाखाली शेगडी ठेवून वरून जाड कापड सोडतात आणि घरची माणसे पाय आत घेऊन गप्पा मारीत बसतात. एखाद्या घरगुती निवासात ही सोय असेल तर ती मुद्दाम निवडावी. शहराच्या पाठीशी सिएरा नेवादाची बर्फाच्छादित रांग आहे आणि तिच्यापुढील टेकडीवर अल्हाम्ब्रा.

१२३८ पासून अडीचशे वर्षे येथे नासरी सुलतानांचे राज्य होते. चहूबाजूंनी शत्रू, खंडणी देऊन विकत घेतलेली शांतता आणि आतून सततचे कलह, अशा अवस्थेत त्यांनी हे महाल बांधले. सिंहांचे अंगण १४व्या शतकातील. बारा दगडी सिंह पाण्याचे कुंड पाठीवर तोलून उभे आहेत आणि चारी बाजूंनी पाण्याचे पाट त्यांच्याकडे येतात. महालांचे साहित्य विटा, माती, लाकूड आणि चुना एवढेच आहे. अक्षरे, वेली आणि भूमिती यांनी त्याला रेशमाचे रूप दिले. उन्हाळ्यात येथे माणसांच्या डोक्यांवरून छत पाहावे लागते. जानेवारीत एखादे दालन काही क्षण पूर्ण रिकामे मिळते. तिकीट पासपोर्टच्या नावाने आणि नासरी महालांसाठी ठरावीक वेळेचे असते. ती वेळ चुकली तर त्या महालांत प्रवेश मिळत नाही, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरच हेही काढून ठेवावे. शेजारी पाचव्या चार्ल्सने १५२७ मध्ये सुरू केलेला रेनेसान्स महाल आहे. बाहेरून चौकोनी, आतून वर्तुळाकार, आणि या ठिकाणी काहीसा उपरा.

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने किल्ल्या फर्दिनांद आणि इसाबेलाच्या हाती दिल्या. करारात मुसलमानांना त्यांचा धर्म आणि मालमत्ता यांची हमी होती. दहा वर्षांत ती मोडली. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या त्यांच्या वंशजांनाही १६०९ ते १६१४ या काळात, सुमारे तीन लाखांच्या संख्येने, देशाबाहेर काढले गेले. त्यांत रेशीम विणणारे आणि पाटबंधारे जाणणारे शेतकरी होते. आजही २ जानेवारीला ग्रानादाच्या नगरपालिकेच्या सज्जातून ध्वज फिरवला जातो, आणि चौकात काही लोक जयघोष करतात, काही निषेधाचे फलक धरतात.

खालच्या बाजारपेठेत एक वास्तू आहे, जी मार्गदर्शिकांत दोन ओळींत उरकली जाते. ‘कोर्राल देल कार्बोन’ असे तिचे नाव. १४व्या शतकात बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी बांधलेली ही धर्मशाळा आणि वखार. मध्ये पाण्याचे कुंड असलेले अंगण, खाली मालाच्या आणि जनावरांच्या जागा, वर सज्जे आणि त्यांच्या कडेने राहण्याच्या खोल्या. पुढे तेथे कोळसेवाल्यांनी बस्तान मांडले म्हणून हे नाव. पेढीच्या वाड्यात लहानपण घालवलेल्या माणसाला ही मांडणी ओळखीची वाटेल. पलीकडेच आल्काइसेरिया हा जुना रेशीमबाजार. तो १८४३ मध्ये जळाला आणि नव्याने बांधलेल्या गल्ल्यांत आता प्रवाशांसाठी वस्तू विकतात.

शेवटची सायंकाळ समोरच्या आल्बाइसिन टेकडीवर, सान निकोलासच्या चौथऱ्यावर घालवावी. तेथे बहुधा एखादा रोमा गिटारवादक बसलेला असतो. रोमा लोक १५व्या शतकात स्पेनमध्ये आले आणि फ्लामेन्को त्यांच्या कंठातून घडला. त्यांच्या मूळ भाषेचे कूळ उत्तर हिंदुस्थानातले. तीत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात. समोर अल्हाम्ब्राच्या भिंती उन्हात तांबूस होतात, मागचे बर्फ गुलाबी होते, आणि सव्वासहाच्या सुमारास ते ऊन भिंतींवरून निघून बर्फावर थोडा वेळ टिकते. त्यानंतर थंडी झपाट्याने उतरते. गल्ल्या गोट्यांच्या आणि उताराच्या असल्याने वडीलधाऱ्यांनी अंधारात पायी उतरू नये. जवळूनच लहान बस सुटते आणि ती खाली प्लाझा नुएव्हापर्यंत सोडते.